मिरजेहून मुलुंडला, डीबेस बघायला

मुंबईला कोणी समुद्र बघायला जातं, कोणी नटनट्या बघायला. मी गेलो तो डीबेस बघायला. निघताना आमच्या हिनं विचारलं, "हे डीबेस काय खायचं असतं का?" आणि खरं सांगायचं तर मलाही तिला धड उत्तर देता आलं नाही.

मिरजेत आमची एक लहानशी रक्तपेढी आहे. शेजारच्या साखर कारखान्यानं आम्हाला एक कॉम्प्युटर भेट दिला, तेव्हा तो कोणाच्या गळ्यात बांधायचा असा प्रश्न पडला आणि तो माझ्या गळ्यात आला. मी पुण्याला जाऊन कोबोल शिकून आलो आणि दोन वर्षं खपून रक्तदात्यांचा प्रोग्रॅम लिहिला. नाव, गट, पत्ता, मागचं रक्त कधी दिलं, सगळं त्यात. पण एका विश्वस्तांचे जावई दिवाळीला मुंबईहून आले आणि फराळ करता करता म्हणाले, "कोबोल? हल्ली सगळं जग डीबेसवर आहे." झालं. पुढच्या बैठकीत ठराव झाला की पाटणकरांनी, म्हणजे मी, मुंबईला जाऊन यावं, लोक काय वापरतात ते बघावं आणि आपलं ठेवायचं की बदलायचं ते सांगावं. म्हणजे पोर माझंच, आणि ते नापास आहे का हे सांगायलाही मीच! गाडीत बसलो तेव्हाच मी डीबेसमधल्या खोड्या काढायच्या असं ठरवून टाकलं होतं.

माझ्या प्रोग्रॅमची एक गोष्ट मला विशेष आवडायची. रक्तदाता वारला की माझा प्रोग्रॅम त्याचं नाव खरोखर काढून टाकायचा. त्या माणसाला वगळून सगळी फाइल नव्यानं लिहायचा. वेळ लागायचा, पण काम स्वच्छ. पूर्वी एकदा वारलेल्या एका मास्तरांच्या घरी आमचं शिबिराचं पत्र गेलं होतं, आणि त्यांचा मुलगा ते हातात घेऊन पेढीच्या दारात येऊन रडला होता. तेव्हापासून माझं म्हणणं एकच होतं, गेलेलं माणूस फाइलीत राहता कामा नये.

अंधेरी

पार्ल्याला मावसभावाकडे उतरलो. वहिनींना जयसिंगपूरचं भडंग दिलं. त्यांनी एक घास खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. पार्ल्याचे लोक फोडणीतसुद्धा साखर घालतात की काय असा मला संशय आहे, कारण त्यांच्याकडची आमटी मला दोन्ही दिवस शिऱ्यासारखी लागली.

अंधेरीला एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात शहा नावाचे गृहस्थ सॉफ्टवेअर विकायचे. खाली छत्र्यांच्या काड्यांचा कारखाना, वर एसी लावलेली खोली. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या. मशीनवर हळदकुंकू आणि दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार होता. आम्हीही दसऱ्याला मशीनला हार घालतो. तेवढं एक जुळलं म्हणून मला बरं वाटलं.

"कोबोल म्हणजे आजोबांचा कोट, साहेब," शहा म्हणाले. "कापड एक नंबर, पण आता घालतो कोण? पत्र लिहायला वर्डस्टार, हिशेबाला लोटस आणि नावं ठेवायला डीबेस. पूर्ण मार्केट यावरच चालतंय. तुमचं नाव सांगा ना."

त्यांनी चारपाच लटकी नावं घातली आणि त्यात माझं नाव टाकलं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरात मी उमटलो.

"आता तुम्हाला डिलीट करतो," ते हसत म्हणाले. त्यांनी हुकूम दिला आणि पुन्हा नावं मागवली. माझं नाव होतं तिथंच होतं. फक्त त्याच्या आधी एक बारीकशी चांदणी आली होती.

"गेलं कुठे? आहे की," मी म्हणालो.

"तेच तर! डीबेस पुसत नाही. नुसती खूण करतो, की हा गेला. आणि परत पाहिजे असेल तर..." त्यांनी 'रिकॉल' असं टाइप केलं. चांदणी गेली. "आलात परत. झकास ना?"

"आणि खरंच काढायचं असेल तर?"

"मग पॅक." त्यांनी माझ्यापुढे पुन्हा चांदणी लावली, पॅक म्हटलं, आणि नावं मागवली. वरचा माणूस होता, खालचा होता. मधे मी नव्हतो. जागासुद्धा उरली नव्हती.

"आता परत आणा," मी म्हणालो.

"आता नाही येत, साहेब," शहा म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

खोली थंड होती म्हणा किंवा काय, माझ्या अंगावर काटा आला. बाहेर आलो तर माझ्या कोल्हापुरी चपला कोणीतरी घालून गेलेलं. शहांनी खोलीत वापरायच्या निळ्या रबरी सपाता दिल्या. त्या फटफट वाजवत मी पार्ल्याला आलो, आणि वहिनींना त्यात जो आनंद झाला तो भडंगात झाला नव्हता.

मुलुंड

मुलुंडची हवा मिरजेच्या माणसाला मानवते. डोंगर जवळ, सकाळी बऱ्यापैकी गारठा. तिथल्या एका धर्मादाय रक्तपेढीनं वर्षभरापूर्वी डीबेस घेऊन जुन्या वहीतली सगळी नावं, गेलेल्यांसकट, त्यात चढवली होती आणि विकणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्याला विचारावं म्हणून मी मुद्दाम तिथं गेलो. ऑपरेटर मीनल नावाची मुलगी होती, बोलायला फटकळ आणि कीबोर्डवर बोटं अशी चालायची की बघत राहावं. पेढीच्या डॉक्टर सबनीसबाईंनी मला तिच्याकडे सोपवलं.

मीनलनं नावं मागवली. पडदाभर माणसं वर सरकू लागली, आणि त्यात जागोजागी चांदण्या.

"हे सगळे वारलेले?" मी विचारलं.

"नाही हो काका. कोणी गाव सोडून गेले, कोणाला कावीळ झाली, कोणी खरंच गेले. रक्त घ्यायचं नाही ते सगळे स्टार."

"मग पॅक का करत नाही?"

"कोण करणार? पॅक केलं की इंडेक्स परत बनवा, तासभर मशीन अडकते. बोअर होतं. राहतात बिचारे एका बाजूला, त्रास देतात काय?"

मिरजेत मी स्वच्छ फाइलीचा एवढा आग्रह धरला होता, आणि इथं ही पोर गेलेल्यांच्या गर्दीत आरामात बसून शेंगदाणे खात होती. मला ते बघवेना. बोललो मात्र भलतंच. "सगळ्या चांदण्या एकदम जातात का हो?"

"बघा हां," ती म्हणाली आणि तिनं 'रिकॉल ऑल' दाबलं.

खाली एक ओळ आली, इतक्या नोंदी परत बोलावल्या. मीनलनं पुन्हा नावं मागवली. आता एकही चांदणी नव्हती. गेलेले आणि असलेले एका रांगेत, खांद्याला खांदा लावून वर सरकत होते आणि कोण कुठला ते ओळखायची सोय उरली नव्हती. एसीची घरघर तेवढी चालू होती. उगाच वाटलं की खोलीत आधीपेक्षा जास्त माणसं आहेत.

"जेवून झालं की बॅकअपच्या फ्लॉपीवरून पहिल्यासारखं करते," मीनल म्हणाली. तिनं डबा उघडला. मुगाची उसळ आणि भाकरी, माझ्यापुढेही अर्धी सरकवली.

तेवढ्यात बाहेर धावपळ ऐकू आली. तिशीचा एक माणूस बर्फ भरलेला थर्मास छातीशी धरून उभा होता. जाधव त्याचं नाव. जवळच्याच एका प्रसूतिगृहात सकाळी त्याच्या बायकोचं सीझर झालं होतं. मुलगी चांगली होती, पण बाईचं रक्त थांबत नव्हतं, आणि तिचा गट निघाला होता बॉम्बे. हा गट पहिल्यांदा इथंच सापडला म्हणून त्याला शहराचंच नाव मिळालं. दिसायला तो ओसारखा दिसतो, पण त्या माणसाला ओचं रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं. आणि हजारो माणसांत असा एखादाच. मिरजेत मी तो फक्त पुस्तकात वाचला होता.

मीनलनं हात पुसले आणि गट टाकला. दोन नावं निघाली. एकाच्या पत्त्यापुढे मस्कत. दुसरा, दिलीप तावडे, घाटकोपर.

"फोन?" सबनीसबाईंनी विचारलं. त्या आणि मीनल दोघीही पेढीत वर्षभरापूर्वीच आलेल्या. जुनी माणसं त्यांना नावानंच माहीत.

"नाही मॅडम. चाळीचा पत्ता आहे."

पेढीचा बाहेरची कामं बघणारा माणूस रजेवर होता. मी म्हटलं, मी जातो. मिरजेत हेच करतो मी. पेढीच्या जीपमध्ये बसताना जाधवानं माझा हात धरला. "येईल ना हो तो माणूस?"

"येईल की," मी म्हणालो. रक्तदाते येतात, असा माझा अनुभव होता.

घाटकोपर

हायवेनं विक्रोळी गेली. डाव्या हाताला खाडीची झाडी आणि चिखलाचा वास. भर दुपार होती आणि तरी त्या झाडांखाली काळोख होता. ड्रायव्हरनं मला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं आणि गाडी वळवून ठेवतो म्हणाला.

वर चढायला पायऱ्या, कुठे सिमेंटच्या, कुठे नुसते दगड. रबरी सपाता घसरत होत्या. मधल्या नळावर बायका पाणी भरत होत्या. मी विचारलं, "दिलीप तावडे कुठे राहतात?"

बोलणं थांबलं. एकीची बादली भरून वाहू लागली, पण नळ कोणी बंद केला नाही.

"कोण बोलावतंय त्याला?" एकीनं विचारलं.

"रक्तपेढी. मुलुंडची."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या सपातांकडे. "वर. शेवटची खोली," एवढंच म्हणाली. मी पुढे गेलो तरी मागे बोलणं सुरू झालेलं ऐकू आलं नाही. मला वाटलं, उधारउसनवारीचं काही असेल, माणूस भांडकुदळ असेल.

दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. "दिलीप तावडे इथंच राहतात ना?"

"हंयच असा," ती म्हणाली. "खंय जातलो? तुमी खयसून इलास?"

मी सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मला आत घेतलं. खोली लहान, पण लखलखीत. तिनं चहा टाकला, बशीत गूळ-आल्याचा खाजा ठेवला. "चाय घेवा. तो येतलो. तुमी त्याचा रगात काढतास आणि खावक काय देतास? एक बिस्कुट! मेलो उपाशी जाता नि चक्कर येवन पडता."

कोकणात 'मेलो' हा लाडाचा शब्द, हे मला ठाऊक होतं. म्हातारी प्रेमळ होती. मी खाजा तोंडात टाकला. आल्याचा तिखटपणा छान लागत होता. आणि मग माझी नजर वर गेली.

भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. मिसरूड फुटलेली, केस कपाळावर. फोटोला चंदनाचा हार, आणि त्याच्याखाली उदबत्तीची राख ताजी.

मी उरलेला खाजा बशीत ठेवला. मुलुंडच्या पडद्यावरून सरकणारी नावं डोळ्यापुढे आली. या नावापुढे सकाळी चांदणी होती की नव्हती? आठवेना. आता तर कोणापुढेच नव्हती. पण हा दुसरा कोणी असेल, भाऊ असेल, वडील तरुणपणीचे असतील, असं मी मनाला बजावत होतो.

"आई," मी कसाबसा म्हणालो, "हा फोटो..."

"माझो दिलीप. फोटोत जरा बारीक दिसता."

ती शांतपणे बोलली. मग तिनं दुसरा कप भरला, त्यावर बशी झाकून तो फळीवर ठेवला, आणि आतल्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली. "दिलीप! रे दिलीप! तुका बोलावक इलेत!"

मला पळून जावंसं वाटत होतं.

आणि पडद्याआडून उत्तर आलं. "इलंय गे आये."

पडदा सरला. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी बाहेर आली, ओले हात ओढणीला पुसत. तिच्या अंगावर पुरुषाचा निळा शर्ट होता, बाह्या दुमडलेल्या. फोटोतलेच डोळे. तिनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे काही बोलू नका. फळीवरचा चहा उभ्यानं प्यायली आणि म्हणाली, "चला."

"सांभाळून जा रे," म्हातारी दारातून म्हणाली.

नळाशी बायका अजून उभ्या होत्या. त्यांनी वाट दिली. मी त्या मुलीच्या मागून उतरत होतो आणि मला तिची सावली पडते का हे बघायची इच्छा झाली. बघितली. पडत होती. माझीच मला लाज वाटली.

जीपमध्ये ती म्हणाली, "मी शैला. दिलीपची बहीण. तो जाऊन दोन वर्षं झाली."

"माफ करा," मी म्हणालो. "मशीनवर चूक झाली. आमच्या हातून..."

"आई वेडी नाही हो काका. तिला सगळं ठाऊक आहे. तो गेल्यावर एकदा झोपेत तिनं त्याला हाक मारली. मला राहवलं नाही, मी ओ दिली. मग सवयच पडली. त्याच्या नावानं कोणी आलं की मीच ओ देते." ती बाहेर बघत होती. "इथंच विक्रोळीला ट्रकनं उडवला त्याला. रक्त पाहिजे होतं. तेव्हा तुमच्या पेढीतच विचारलं होतं. दोन नावं निघाली. एक मस्कतचा, आणि दुसरा तोच."

खाडीची झाडं परत येऊन गेली.

"घरच्यांचं तपासलं नाही?" मी शेवटी विचारलं.

"मामांचं बघितलं, काकांचं बघितलं. मी अठराची नव्हते. बाहेर बस म्हणाले, बसले. मला कोणी विचारलंच नाही." मग ती म्हणाली, "नंतर आईनंच तपासू दिलं नाही. दवाखान्याचं नाव काढलं की दार लावून घेते. पण आज त्याला बोलावलंत ना. त्याला ती कधी अडवत नव्हती."

पुन्हा मुलुंड

जाधव पायरीवरच बसला होता. जीपमधून मुलगी उतरलेली बघून त्याचा चेहरा पडला. "आणि तो?" त्यानं विचारलं. मी शैलाला पुढे घातलं आणि दारातून आत शिरलो.

मीनलला एका वाक्यात सांगितलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सबनीसबाई मात्र थबकल्या नाहीत. सख्खी बहीण म्हणताच त्यांनी शैलाला आत नेलं आणि रक्ताचा नमुना घेतला. या गटात भावंडांचंच जुळायची आशा असते, हे मीही वाचलं होतं. जुळेलच असं नाही, हेही वाचलं होतं. आम्ही दारात उभे राहिलो. जाधवाच्या थर्मासमधला बर्फ हलल्याचा आवाज येत होता.

बाई बाहेर आल्या. "बॉम्बेच आहे. जाधवांच्या बायकोच्या रक्ताशीही जुळतंय."

जाधव रडला, हसला, मला मिठी मारली, माझ्या खिशातलं पेन त्याच्या शर्टाला अडकलं. आत शैला पलंगावर बसून होती.

"मॅडम," तिनं विचारलं, "म्हणजे दिलीपशी पण जुळलं असतं ना? त्या दिवशी?"

सबनीसबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी तिच्या शेजारी बसून तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हो गं. जुळलं असतं."

शैला आडवी झाली आणि शर्टाची दुमडलेली बाही आणखी वर सारली. बाटली भरेपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत.

संध्याकाळी प्रसूतिगृहातून फोन आला की बाईचं रक्त थांबलंय आणि ती पाणी मागतेय. शैलाला सोडायला जीप तयार होती. मीनलनं तोवर फ्लॉपीवरून सगळं पूर्ववत केलं होतं. चांदण्या जागच्या जागी आल्या होत्या, आणि दिलीप तावडेच्या आधीही एक होती. नवी नोंद करायला तिनं शैलाला बोलावलं.

"तुझं पूर्ण नाव सांग ना."

शैला पडद्याजवळ वाकली. भावाचं नाव तिनं वाचलं, चांदणीवर बोट ठेवलं. "हे काय?"

मी सांगितलं.

"माझं नाव नका घालू," शैला म्हणाली. "माझ्या नावानं आलात तर आई दार लावून घेईल. लागेल तेव्हा त्यालाच बोलवा. मी येईन."

मीनलनं माझ्याकडे बघितलं. मी पाहुणा, मला काय अधिकार? मी मान डोलावली. तिनं त्या एका नोंदीवर जाऊन चांदणी काढली, आणि दिलीप तावडेच्या पुढे, मागचं रक्त कधी दिलं त्या रकान्यात, आजची तारीख घातली.